चौथ्या गाण्यावरचा अभिप्राय

कारखान्यात मला डॉक्टर म्हणतात. पदवी कुठल्या कॉलेजानं दिलेली नाही, कानांनी मिळवलेली आहे. आमच्याकडे पत्रा कापायच्या आणि वाकवायच्या अकरा प्रेस आहेत. दर सोमवारी सकाळी पाळी सुरू झाली की मी एकेकीसमोर उभा राहतो, डोळे मिटतो, दहा ठोके ऐकतो आणि मगच तपासणीच्या कागदावर सही करतो. सव्वीस वर्षं हेच. बाकीचे लोक कानात बोळे घालून काम करतात, मी कधी घातले नाहीत. डॉक्टरनंच कान बंद केले तर नाडी कुणी ऐकायची?

आणखी एक आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तक्रार नको. मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते, स्वतःची सावली मागून आली तरी तुम्ही तिला विचाराल, तुला कुणी पाठवलं. विचारेन. मशीनवर विश्वास ठेवून चालत नाही, तर माणसांवर कशाला ठेवायचा?

माझा भाचा एका बँडमध्ये वाजवतो. बँडचं नाव ‘भंगार’. हे नाव कळलं तेव्हा माझी बहीण म्हणाली, एवढं शिकवलं ते शेवटी भंगारात जायला का? त्यांच्या संगीताला इंडस्ट्रियल मेटल म्हणतात. म्हणजे गिटार करवतीसारखी ओढायची, मधूनमधून यंत्रांचे आवाज घालायचे आणि गायकानं कुणीतरी पायावर हातोडा टाकल्यासारखं ओरडायचं. वर्षभरापूर्वी भाचा घरी आला, नेहमीपेक्षा जास्त नम्रपणे पाया पडला आणि म्हणाला, “मामा, तुमच्या कारखान्यातले आवाज रेकॉर्ड करायचेत.”

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. फोरमननं एका शब्दात परवानगी दिली तेव्हा ती आणखी जोरात चुकचुकली, कारण आमचा फोरमन साधी रजा द्यायलाही तीन दिवस घेतो. पण काही वेडंवाकडं घडलं नाही. एका कामाच्या दिवशी भाचा माईक घेऊन आला, सगळ्या मशीनपुढून फिरला आणि तीन नंबरच्या प्रेसपाशी अडकला. तिचा ठेका त्याला फार आवडला. अर्धा तास तो तिथंच माईक धरून उभा होता. तीन नंबरवर चौदा वर्षं एक कंत्राटी बाई काम करतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेलेही. अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. त्या आपल्या पत्रा आत सरकवत होत्या, पॅडल दाबत होत्या, तुकडा बाहेर काढत होत्या. माईककडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

यंदा अल्बम आला. नाव ‘तिसरी पाळी’. आठ गाणी, त्यातलं चौथं गाणं म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत आमची तीन नंबरची प्रेस आणि तिच्यावर बाकीच्यांचा गोंधळ. भाच्यानं मला फोनवर ते पान उघडून दिलं, जिथं लोक गाणी ऐकून खाली तारे देतात आणि अभिप्राय लिहितात.

गाण्यांपेक्षा मला अभिप्रायांचाच नाद लागला. संध्याकाळचा चहा झाला की चष्मा लावून बसायचो. एकानं लिहिलं होतं, ‘पहिलं गाणं लावलं आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू घर सोडून गेला, पाच तारे.’ दुसऱ्याचं म्हणणं, बँड पूर्वीसारखा राहिला नाही, फार गुळगुळीत झालाय, आणि यांना कुत्रंही विचारत नव्हतं तेव्हापासून आपण ऐकतोय. ‘गायकाला कुणीतरी खोकल्याचं औषध द्या,’ असं एका बाईनं लिहिलं होतं. ती माझी बहीण असावी असा मला अजून संशय आहे. एका विद्वानानं कामगाराच्या आत्म्यावर आठ परिच्छेद लिहिले होते. या गृहस्थानं जन्मात कधी पाना हातात धरलेला नाही, हे पहिल्याच परिच्छेदात कळत होतं. चौथ्या गाण्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. ‘हा ड्रमर माणूस नाही, यंत्र आहे,’ असं कुणीतरी लिहिलं आणि मी एकटाच हसत बसलो. यंत्रच होतं ते. माझं यंत्र. मूठभर मांस चढलं अंगावर.

आणि मग एका शनिवारी तो अभिप्राय आला. लिहिणाऱ्याचं नाव ‘तेलकट’. तारे तीन.

‘गाणी बरी आहेत. ओरडणं कमी केलं तर शब्द कळतील. चौथ्या गाण्यातली प्रेस आजारी आहे. प्रत्येक ठोक्यानंतर वर जाताना बारीक टिक् असा आवाज आहे, तो नसायला हवा. क्लचची स्प्रिंग गेली आहे. अशी मशीन एक दिवस पॅडल न दाबता आपोआप दुसऱ्यांदा खाली येते. तेव्हा हात आत असला तर हात गेला. आणि हिची तपासणी करणाऱ्याला हे माहीत आहे. तरी तो सही करतो.’

ज्यांनी प्रेस बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पॅडल दाबलं की वरचा वजनदार भाग एकदाच खाली येतो, पत्रा कापतो आणि वर जाऊन थांबतो. त्याला वर थांबवून धरायचं काम क्लचचं. तो थांबलाय या भरवशावर माणूस हात आत घालून तुकडा काढतो. दिवसातून दोन-अडीच हजार वेळा. पुढं एक जाळीही असते, पण ती असली की काम हळू होतं, म्हणून फोरमननं तीन नंबरची जाळी कधीच काढून ठेवलेली.

खोटं कशाला बोलू, तो अभिप्राय वाचून मला पहिल्यांदा मावशींचा हात आठवला नाही. मला माझी सही आठवली. सव्वीस वर्षांची अब्रू तीन ताऱ्यांत काढली होती कुणीतरी, आणि खाली सतरा जणांनी ‘पटलं’ म्हणून खूणही केली होती.

मी चौथं गाणं लावलं. फोन कानाला चिकटवून ऐकलं. ठोका, मग शांतता, मग ठोका. टिक्-बिक् काही नाही. दहा वेळा ऐकलं. स्वच्छ. म्हणजे हा खोडसाळपणा होता, आणि खोडसाळपणा आपोआप होत नाही, त्याला कर्ता लागतो.

सोमवारी मी तीन नंबरसमोर दहाऐवजी वीस ठोके ऐकले. मशीन ठणठणीत. ‘आवाज’ या रकान्यात ‘ठीक’ लिहून सही ठोकली, जरा जोरातच. मावशी मान वर करून काहीतरी म्हणाल्या. आमच्याकडे त्या गलक्यात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, सगळा कारभार खुणांवर चालतो. वरच्या खिशावर दोन बोटं आपटली की अर्थ असा, की ‘नोंद घेतली, बघतो.’ मी खिशावर दोन बोटं आपटली आणि पुढं गेलो. माझं डोकं ठिकाणावर होतंच कुठं? मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो, यांतला तेलकट कोण म्हणून.

त्या दिवशी घरी जाऊन मी स्वतःच एक खोटं नाव घेतलं आणि अभिप्रायाखाली उत्तर लिहिलं, ‘घरी बसून मशीनचे रोग सांगणारे पुष्कळ असतात. तुम्हाला काय कळतं प्रेसमधलं?’

मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं, ‘काय कळतं ते मशीनला विचारा. सोमवारी डोळे मिटून उभं राहण्यापेक्षा कान उघडे ठेवा म्हणावं.’

माझ्या हातातला डबा खाली पडायचा राहिला. सोमवार! डोळे मिटून! हे बाहेरच्याला माहीत असणं शक्य नव्हतं. आणि एक वाजून दहा मिनिटं म्हणजे आमची जेवणाची सुट्टी. चोर घरातलाच होता.

पहिला संशय स्टोअरकीपरवर. हा माणूस एक नट द्यायचा तरी तीन सह्या घेतो, आणि मला बघून उगाचच हसतो. बुधवारी सुट्टीत मी स्टोअरच्या दाराआड उभा राहिलो. स्वारी फोनमध्ये डोकं घालून खुदुखुदु हसत होती. मी मागून जाऊन फोनच हिसकावला. त्यावर एक मांजर वारंवार कपाटावरून पडत होतं.

“डॉक्टर, तब्येत बरी आहे ना?” त्यानं विचारलं.

मी फोन परत दिला आणि चालू पडलो. जाताना बघितलं तर सगळे जेवत होते, फोनवर टाइप करणारं कुणीच नव्हतं. मावशी पायरीवर बसून फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या, लेकीशी असेल. ती रोजचीच गोष्ट, मी लक्ष दिलं नाही.

मग संशय दुसऱ्या फिटरवर गेला. हा तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या बरोबरीनं काम करायचा. आमचं वाजलं, मी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि तो दुसरीकडे नोकरी धरून गेला. क्लचचं त्याला चांगलं कळायचं, सोमवारचंही माहीत होतं, आणि माझ्यावर राग असायला कारणही होतं. संध्याकाळी मी त्याला फोन लावला. तीन वर्षांनी.

“तेलकट नावानं तू लिहितोस का?” मी सरळच विचारलं. आडवळण मला जमत नाही.

“कुठं लिहितो? काय लिहितो?” तो गोंधळला. मी सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मी नाही लिहिलं. पण डॉक्टर, लिहिणारा कोण ते राहू द्या. मशीन उघडून बघितलीत का?”

“उघडायची काय गरज? मी ऐकली ना.”

“तुम्ही ऐकली,” तो म्हणाला. एवढंच. आणि फोन ठेवला.

मला तो टोमणा वाटला. रात्रीचं जेवण कडू झालं.

गुरुवारी भाच्याला घरी बोलावून घेतलं. आता माझा संशय त्याच्यावरच होता. अल्बम गाजावा म्हणून या पोरांनीच हे खूळ काढलं असेल, मामाची अब्रू गेली तर गेली. तो लॅपटॉप घेऊन आला. मी दरडावून विचारलं तर बिचारा रडकुंडीला आला. “मामा, आम्ही कशाला लिहू? उलट आम्हालाच कळेना. ती टिक् तर आम्हाला आवडली म्हणून ठेवली. मी ती मुद्दाम थोडी वर उचलली आहे मिक्स करताना.”

“कुठली टिक्?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग लॅपटॉप उघडून गाणं लावलं आणि बाकी सगळे आवाज बंद करून फक्त प्रेस ठेवली. “ही बघा. ठोका, आणि ही.”

“कुठं?”

“आत्ता वाजली ती.”

पडद्यावर आवाजाची रेघ होती. एक मोठा उंचवटा आणि त्याच्या मागं एक छोटा. पुन्हा एक मोठा, एक छोटा. ओळीनं. डोळ्यांना दोन दिसत होते, कानांना एकच लागत होता. मी लॅपटॉपला हात लावून बघितला, स्पीकरला कान लावून बघितला. एकच.

हे सगळं यांनी ठरवून केलंय, हा विचारही माझ्या मनात येऊन गेला. चित्र काय, कसंही काढता येतं. मी स्वयंपाकघरातून बायकोला हाक मारली. तिला बँड माहीत नाही, टिक् माहीत नाही, तिला कुणी पढवणार नाही. ती हात पुसत आली.

“हे ऐक. किती आवाज येतात?”

“दोन,” ती लगेच म्हणाली. “एक धाडकन आणि मागून एक बारीक. का?”

“नीट ऐक.”

“अहो नीट काय ऐकायचं त्यात? बहिऱ्यालासुद्धा कळेल.” आणि मग तिचा चेहरा बदलला. भाच्यानं गाणं बंद केलं. ती माझ्या शेजारी बसली. “दाराची घंटा तुम्हाला ऐकू येत नाही, मी आपली उठते. टीव्ही इतका मोठा लावता की शेजारची तक्रार करते. मी बोलले की चिडता, म्हणून बोलायचं सोडलं मी.”

मी तिच्यावर चिडलो. भाच्यावर चिडलो. दोघंही मिळालेले आहात म्हणालो. मग उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो आणि तिथं मात्र मला मावशींचा हात आठवला. तुकडा काढायला आत जाणारा. आजच अडीच हजार वेळा गेला असेल. पहिल्यांदाच मला भीती वाटली, सपाटून वाटली.

शुक्रवारी मी पाळीच्या अर्धा तास आधी गेलो. पण मावशी माझ्याही आधी आलेल्या, मशीन पुसून, सुरू करून बसलेल्या. मी धावतच जाऊन लाल बटण दाबलं. त्या दचकून उभ्या राहिल्या. त्यांना बाजूला व्हायची खूण केली, कोपऱ्यातली लाकडी पट्टी उचलली, मशीन पुन्हा सुरू केली आणि स्वतः पॅडलवर पाय ठेवला.

जिथं मावशींचा हात जातो तिथं पट्टी घालायची, असं ठरवलं. पॅडल दाबायचं, ठोका पडू द्यायचा, पाय काढायचा, मग पट्टी आत सरकवायची आणि बाहेर ओढायची. एक. दोन. दहा. वीस. काहीच होत नव्हतं. एकेक माणूस येत होता आणि थांबून बघत होता, डॉक्टर आज काय खेळतोय म्हणून. तीस. चाळीस. आपण मूर्ख ठरतोय असं वाटायला लागलं, आणि सांगायला लाज वाटते, पण मनातून बरंही वाटायला लागलं. म्हणजे मशीन ठीक होती. म्हणजे मी ठीक होतो.

त्रेचाळिसाव्या वेळी पाय पॅडलवर नसताना प्रेस पुन्हा खाली आली.

पट्टीचा अर्धा भाग माझ्या हातात राहिला. बाकीचा कुठं उडाला ते नंतर सापडलं. मी बटण दाबून मशीन बंद केली, मेन स्विच पाडला आणि त्याला कुलूप घातलं.

क्लचचं झाकण उघडलं तेव्हा फोरमन धापा टाकत आला. “कुणी बंद केली मशीन? आज माल जायचाय!” मी त्याला स्प्रिंग दाखवली. दोन ठिकाणी तडकलेली, एक तडा जुना, दुसरा अगदी ताजा, आणि एका टोकाला गंज चढलेला. मग पट्टी दाखवली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण फोरमन मोठा तयार माणूस. क्षणात सावरला आणि माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “याला म्हणतात कान! सोमवारी ठीक असलेली मशीन चार दिवसांत बिघडते काय आणि डॉक्टर ती ओळखतात काय! कोणाचा तरी हात वाचवला आज तुम्ही.”

वाट त्यानंच करून दिली होती. माझी सही खरी, त्याची जबाबदारी शून्य, मशीन चार दिवसांत बिघडलेली. मला फक्त गप्प बसायचं होतं. दहा-बारा माणसं भोवती उभी होती आणि कौतुकानं बघत होती. स्टोअरकीपरसुद्धा.

मावशी तेवढ्या कौतुकानं बघत नव्हत्या. त्यांनी कानातले बोळे काढून मुठीत धरले होते आणि त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की आता हा काय बोलतो ते मला आधीच माहीत आहे. इतका पुरा अविश्वास मी फक्त आरशात बघितलाय.

“गंज चार दिवसांत चढत नाही,” मी म्हणालो. “ही कित्येक महिने वाजतेय. मला ऐकू येत नाही. काल घरी दाखवलं तेव्हा खात्री झाली. कागदावरच्या सह्या माझ्या आहेत, पण ऐकून केलेल्या नाहीत.”

फोरमन आधी हसला. मग कुणी हसत नाही असं बघून गंभीर झाला. “केबिनमध्ये या. हे असं चारचौघांत बोलायचं नसतं,” म्हणाला आणि निघून गेला. माणसं पांगली. माझ्याकडे न बघता पांगली.

मावशी जवळ आल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मला त्यांचे ओठ हललेले दिसले. सवयीनं माझी बोटं खिशाकडे निघाली होती, ती मी अर्ध्यात थांबवली.

“ऐकू आलं नाही, मावशी. मोठ्यानं सांगा.”

त्या आणखी एक पाऊल पुढं आल्या. चौदा वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. “तीनदा सांगितलं मी तुम्हाला!” त्या म्हणाल्या. “अल्बमवाला पोरगा यायच्या आधी एकदा. स्प्रिंग गेलीय म्हटलं, आवाज बघा म्हटलं. नंतर एकदा. आणि या सोमवारी. दर वेळी तुम्ही काय केलंत? हे!” त्यांनी स्वतःच्या छातीवर दोन बोटं आपटली. “फोरमनकडे गेले तर तो म्हणाला, डॉक्टरची सही आहे, तुम्हाला जास्त कळतं का? मग माझ्या लेकीनं एक दिवस ते गाणं लावलं. तिला असलंच आवडतं. मी भाजी चिरत होते. म्हटलं, थांब, ही तर माझी मशीन. ती टिक् घरात येऊन वाजली माझ्या. तेव्हा तिला म्हटलं, लिही खाली. इथं कुणी ऐकत नाही, तिथं तरी कुणी ऐकेल.”

“तेलकट,” मी म्हणालो.

“नाव लेकीनं दिलं. मला वाटलं, तुम्ही आणि फोरमन एकच. ठाऊक असून सही करता. रोज सकाळी तुमच्या नावानं बोटं मोडायचे आणि मग मशीनवर बसायचे.”

आठ दिवस मी आख्ख्या कारखान्यावर पहारा ठेवला होता, आणि ही बाई कितीतरी महिने माझ्यावर ठेवून होती. तिच्या संशयात चूक काढायला मला जागाच नव्हती.

“मला माहीत नव्हतं हो, मावशी,” मी म्हणालो.

ते पटकन आलं तोंडातून. त्यांनी ते ऐकलं, तपासलं. मग मशीनच्या टेबलावर हात टेकून, तिथंच, जिथं रोज पत्रा सरकवतात, त्यांनी हळू पण मला कळेल अशा बेतानं विचारलं, “काय माहीत नव्हतं? मशीन बिघडलीय हे? का ऐकू येत नाही हे?”

दुसऱ्या फिटरशी माझं वाजलं ते याच्यावरूनच. त्यानं चार लोकांत म्हटलं होतं, डॉक्टर, एकदा कान तपासून घ्या. त्यानंतर तो जाईपर्यंत मी त्याच्याशी शब्द बोललो नाही, आणि कुणी विचारलं तर सांगायचो, माणूस उद्धट होता. दाराची घंटा वाजली की मी बायकोच्या उठण्यावरून ओळखायचो. फोनवर बारीक आवाजाची माणसं असली की मी तो तिच्याकडे द्यायचो. दर सोमवारी डोळे मिटून दहा ठोके मोजायचो, ते ऐकण्यासाठी नव्हते, लोकांनी बघावं म्हणून होते.

मावशी वाट बघत होत्या. त्यांची दहाही बोटं टेबलावर होती.

“मशीनचं नव्हतं माहीत,” मी म्हणालो. “कानांचं होतं. तीन वर्षं.”